न पाहिलेल्या एकोणीस खासदारांना

महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले सन्माननीय खासदार महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

पत्राच्या वर नाव लिहायची रीत आहे. मी एकाचंही लिहिलेलं नाही. दर दोन वर्षांनी तुमच्यातले काही जण बदलतात आणि हे पत्र जुनं होऊ नये अशी माझी इच्छा आहे. तेव्हा ते खुर्चीला लिहिलंय असं समजा. आज त्या खुर्चीवर जो बसला असेल त्याने वाचावं.

मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्राची आपल्याकडे काय पत आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा. त्यात एक प्रश्न हमखास यायचा: राज्यसभा कोणाचे प्रतिनिधित्व करते? उत्तर ‘घटकराज्यांचे’, गुण एक. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर लिहिलं, ‘पक्षाचे’. मी लाल पेनाने फुली मारली आणि शून्य दिला. पुस्तकाप्रमाणे तो बरोबरच होता. पण पेपर वाटून झाल्यावर ती उठून म्हणाली, “सर, मग आपल्या राज्याचे ते कोण कोण आहेत, सांगा ना.” मला चार नावं आठवली. त्यातली दोन वर्षभरापूर्वीच निवृत्त झालेल्यांची होती, हे घरी येऊन पाहिल्यावर कळलं.

एकोणीसपैकी दोन. नागरिकशास्त्राच्या मास्तरची ही गत. आमच्या पारावर बसणाऱ्यांची परीक्षा मी घेतलेली नाही, पण निकाल काय लागेल ते सांगू शकतो.

वास्तविक एकोणीस हा काही लहान आकडा नाही. राज्यसभेत उत्तर प्रदेशच्या ३१ जागा सोडल्या तर एवढ्या कोणाच्या नाहीत. तामिळनाडू १८ वर आहे. शेजारच्या गोव्याची सगळी बाजू एका माणसाला मांडावी लागते. निवडून आलेल्या २३३ सदस्यांत १९ म्हणजे दर बारा-तेरांमागे एक आपला. एखाद्या गोष्टीवर हे एकोणीस जण एकदम उभे राहिले तर सभापतींना मान वर करून बघावंच लागेल. असं तुम्ही शेवटचं कधी केलंत?

तुमची निवडणूक कशी होते हे मी फळ्यावर गणित मांडून शिकवायचो. सहा जागा असतील तर २८८ आमदारांना सातने भागायचं, येईल त्यात एक मिळवायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. आले ४२. पहिल्या पसंतीची ४२ मतं ज्याच्या झोळीत, तो खासदार. मुलांना हे गणित आवडायचं, कारण त्यात पळवाटा दिसायच्या. “सर, एकाने मत फोडलं तर?” मी सांगायचो की २००३ पासून मतदान खुलं आहे, आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून मगच पेटीत टाकावी लागते. “मग मतदान कशाला घेतात?” यावर मी तास संपल्याची घंटा ऐकत असे.

१० जून २०२२ ची, राज्यसभेच्या निवडणुकीची रात्र तुम्हाला आठवत असेल. त्याआधीची चुरशीची लढत १९९८ ची. मधली चोवीस वर्षं जागा तेवढे उमेदवार उभे करून पक्षांनी मामला आपसात मिटवला होता. त्या दिवशी मात्र सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले आणि आमदारांना हॉटेलांमधून बसने आणावं लागलं. हरकती निवडणूक आयोगापर्यंत गेल्या, मोजणी खोळंबली, एका आमदाराचं मत बाद झालं, निकाल लागेपर्यंत पहाट उजाडली. सहाव्या जागेसाठी झुंजणारे दोघेही कोल्हापूरचे होते, धनंजय महाडिक आणि संजय पवार. कोल्हापूरच्या दोन गड्यांची कुस्ती मुंबईत लागली आणि बघायला कोल्हापूरकर टीव्हीपुढे! त्यानंतर विधान परिषदेची निवडणूक झाली आणि महिनाअखेर राज्यातलं सरकारच गेलं, त्यामुळे ती रात्र राजकारणाच्या इतिहासात बसून राहिली. मी जागा होतो. कोटा किती, दुसऱ्या पसंतीची मतं कुठे वळतील, अपक्ष कोणाकडे, हे सगळं रात्रभर ऐकलं. निवडून आल्यावर हे सहा जण दिल्लीत महाराष्ट्रासाठी कोणता प्रश्न मांडणार आहेत, हे त्या रात्री एकाही वाहिनीवर कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते सुचलं नव्हतं.

आता एक वाद मी आधीच बाजूला काढतो, नाहीतर पत्र त्यातच अडकेल. ‘बाहेरचे’ खासदार. महाराष्ट्रातून तामिळनाडूचे पी. चिदंबरम गेले, केरळचे व्ही. मुरलीधरन गेले, उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी गेले. दर वेळी आपल्याकडे ओरड होते की मराठी माणसं संपली काय. पण आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर मध्य प्रदेशातून सदस्य होते आणि कोकणातले सुरेश प्रभू आधी हरियाणातून, मग आंध्रातून. तिथल्या लोकांनीही कपाळाला हात लावला असेल. पूर्वी कायद्यात अट होती की ज्या राज्यातून उभं राहायचं त्या राज्याच्या मतदारयादीत नाव हवं. तेव्हाही पळवाट होतीच. मनमोहन सिंग यांचा गुवाहाटीतला भाड्याच्या घराचा पत्ता सगळ्या देशाला माहीत होता. २००३ साली ती अट काढून टाकली. पत्रकार कुलदीप नय्यर न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. प्रतिनिधी त्या राज्यात राहणाराच असला पाहिजे असं संघराज्याचं तत्त्व सांगत नाही, असा त्याचा मथितार्थ. मला तो निकाल पटलेला नाही, पण पत्त्याला मी फार महत्त्वही देत नाही. मुलुंडमध्ये जन्मलेला खासदार लासलगावबद्दल गप्प बसणार असेल आणि अलाहाबादचा बोलणार असेल, तर मी अलाहाबादच्याला चहा पाजीन.

लासलगाव आलंच आहे, तर सांगतो.

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री दिल्लीत एक अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावून झालं होतं, आता दारच लावून घेतलं. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे लाल कांद्याचे दिवस. उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या चाळीत भरून पाच महिने वाट बघता येते. लाल कांदा थांबत नाही. काढला की विकावा लागतो, नाहीतर मोड येतात, पाणी सुटतं. ज्याने कोणी ती तारीख निवडली त्याला हे ठाऊक नव्हतं किंवा चांगलंच ठाऊक होतं. लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्गावर माणसं बसली. माझा चुलतभाऊ ट्रॅक्टर भरून बाजार समितीच्या दारात पोचला होता, तो तसाच परत आला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

ही बंदी कुठल्या विधेयकाने आली नव्हती. परकीय व्यापार हा केंद्राचा विषय, त्यामुळे एक सही आणि एक कागद पुरतो. म्हणजे विधानसभेत कितीही आरडाओरडा झाला तरी उपयोग शून्य. मुंबईचे मंत्री फार तर दिल्लीला निवेदन देऊन येणार. अशा वेळी राज्याकडे उरतं काय? दिल्लीत बसलेले त्याचे खासदार. संसदेचं हिवाळी अधिवेशन त्याच आठवड्यात चालू होतं. पुढच्या दिवसांत तिथे काय झालं ते देशाने पाहिलं: संसदेतली घुसखोरी, त्यावरचा गोंधळ, दोन्ही सभागृहांत मिळून विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित. त्या धुरळ्यात कांदा कुठे दिसणार? तुमच्यापैकी कोणी शून्य प्रहरात बोललंही असेल. पण आमच्या बाजार समितीच्या ओट्यापर्यंत तो आवाज पोचला नाही.

आणि मग एप्रिल २०२४. बंदी चालूच होती. तेवढ्यात बातमी आली की २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी, आणि तो कांदा मुख्यतः गुजरातचा. दोनच दिवसांत सरकारने खुलासा केला की सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी दिलेली आहे आणि त्यात महाराष्ट्राचाही माल आहे. असेल. पण मला त्या दिवशी वाटलं की हाच तो क्षण, ज्यासाठी घटनेने तुमची खुर्ची मांडली आहे. केंद्राने दोन राज्यांत दुजाभाव केला अशी शंका आली, तर विचारायचं कोणी? पक्षाने? तो दोन्ही राज्यांत निवडणूक लढवत असतो. लोकसभेच्या खासदाराने? त्याला आपल्या मतदारसंघापुरतं बघता येतं. संपूर्ण महाराष्ट्राच्या वतीने बोलायचा हक्क फक्त तुम्हाला आहे. तुम्हाला मतदारसंघ नाही याची लोक चेष्टा करतात. मी तेच तुमचं बळ समजतो.

४ मे ला बंदी उठली, शुल्क मात्र राहिलं. २० मे ला दिंडोरीत मतदान झालं. निफाड, येवला, चांदवड हे सगळे कांद्याचे तालुके त्या मतदारसंघात येतात. तिथे केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या आणि एक शिक्षक निवडून आले. लोकसभेला आम्हाला काय वाटतं ते आम्ही बटण दाबून सांगितलं. तुम्हाला आम्ही कसं सांगायचं? तुमची सहा वर्षं आमच्या रागाच्या टप्प्यात येतच नाहीत. ज्या आमदारांनी तुम्हाला मत दिलं ते तुम्हाला पुन्हा भेटतात ते लग्नात. विधानसभा हा तुमचा मतदार, आणि त्या मतदारापुढे उभं राहून तुम्ही काय केलंत हे सांगायची सोय घटनेत नाही, नियमात नाही, प्रथेतही नाही. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

व्हिपचं कारण तुम्ही सांगाल. १९८५ सालापासून पक्षादेश मोडला की सदस्यत्व जातं, हे मला शिकवून पाठ झालंय. पण व्हिप मतदानाला असतो. प्रश्नोत्तराच्या तासाला नसतो. शून्य प्रहराला नसतो. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांचे, अडीच तास असतात, तिथे आपलं डोकं चालवायला पक्ष सहसा आडवा येत नाही. खासगी विधेयकाचा कायदा होत नाही म्हणाल, तर खरंय, १९७० नंतर एकाचाही झालेला नाही. पण २०१५ मध्ये तिरुची शिवा यांनी तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेत मंजूर करून घेतलं आणि त्यानंतर सरकारला त्या विषयावर स्वतःचं विधेयक आणावं लागलं. तिरुची शिवा तामिळनाडूचे. तिथले १८ आणि आपले १९ यांची तुलना मी करणार नाही. वय झालंय, रक्तदाब आहे.

एकटा माणूस काय करू शकतो याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. १९८० साली मुंबई-आग्रा महामार्गावर कांद्या-उसासाठी रस्ता रोको झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी पुढे २००४ ते २०१० महाराष्ट्रातून राज्यसभेत होते. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचं विधेयक मताला आलं. बाजूने १८६, विरोधात एक. तो एक म्हणजे शरद जोशी. माझी पत्नी त्या मतासाठी त्यांच्यावर आजही नाराज आहे, आणि त्या बाबतीत मीही तिच्याच बाजूचा आहे. पण एक माणूस उठतो, सगळं सभागृह एका बाजूला असताना आपलं म्हणणं कारणांसह सांगतो आणि ‘विरोधात’ म्हणून नोंद करून खाली बसतो. ती नोंद आज पंधरा वर्षांनीही सापडते. तुमची कोणती नोंद सापडेल?

नोंदीवरून २० सप्टेंबर २०२० आठवतो. तीनपैकी दोन शेती कायदे त्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले. इथे माझी बाजू सांगून टाकतो: मी त्या कायद्यांच्या बाजूचा होतो. बाजार समितीबाहेर माल विकायची मोकळीक ही आमची जुनी मागणी. तरीही त्या दिवशीची कार्यवाही पाहून मला लाज वाटली. विरोधकांनी मतविभाजन मागितलं. प्रत्येक मत मोजा, एवढीच मागणी. ते झालं नाही. आवाजी मतदानात ‘हो’चा आवाज मोठा ठरवला गेला. गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यांत आपल्या हिंगोलीचे राजीव सातव होते. पुढच्याच मे महिन्यात ते कोरोनाच्या आजारपणात गेले. शेती हा राज्यसूचीतला विषय. राज्यांच्या सभागृहात राज्यांच्या विषयाला हात घालणारा कायदा येतो आणि कोणत्या राज्याचा कोणता सदस्य कोणत्या बाजूला होता याची मोजदादच होत नाही. मग त्या सभागृहाला राज्यांचं म्हणायचं कशाच्या आधारावर? सव्वा वर्षाच्या आत ते कायदे मागे घ्यावे लागले. डोकी मोजली असती तर कदाचित टिकलेही असते.

मी मुलांना अनुच्छेद २४९ समजावताना त्याला ‘कुलपाची किल्ली’ म्हणायचो. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला कायदा करायचा असेल, तर राष्ट्रहितासाठी ते गरजेचं आहे असा ठराव राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने करावा लागतो. लोकसभेला ही किल्ली दिलेली नाही. नवी अखिल भारतीय सेवा काढायची तरी आधी तुमचा ठराव लागतो, अनुच्छेद ३१२ प्रमाणे. घटना लिहिणाऱ्यांनी राज्याच्या घराची किल्ली राज्याच्या माणसांच्या कमरेला अडकवली होती. आता घराबाहेर पाटी पक्षाची आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे घरातल्यांनाही सांगता येत नाही.

वर्तमानपत्रांत तुमच्या उमेदवारीसाठी एक शब्द वापरतात, ‘राजकीय पुनर्वसन’. लोकसभेला पडले, पुनर्वसन. मंत्रिपद गेलं, पुनर्वसन. आमच्याकडे हा शब्द धरणग्रस्तांसाठी आहे. कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्या नातवंडांचं पुनर्वसन अजून पुरतं झालेलं नाही. तुमचं एका रात्रीत होतं, त्याबद्दल अभिनंदन. पण पडलेल्या माणसाने राज्यसभेत जाऊ नये असं मी म्हणणार नाही. १९५२ ला मुंबईत लोकसभेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले आणि त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. अखेरच्या दिवसापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. त्याला पुनर्वसन म्हणायची कोणाची छाती नाही. कारण ते तिथे बसायला गेले नव्हते. आंध्र राज्याच्या विधेयकावर १९५३ साली ते जे बोलले ते आजही उलटसुलट उद्धृत होतं, आणि तेव्हा सरकारच्या बाकांवर बसलेल्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

दुसरीकडे काय चालतं हे बघायची मला निवृत्तीनंतर सवय लागली. दक्षिण आफ्रिकेत नऊ प्रांत आहेत. तिथल्या वरच्या सभागृहात प्रत्येक प्रांताचे दहा प्रतिनिधी असतात, पण प्रांतांशी संबंधित विधेयक आलं की दहा जणांची दहा मतं पडत नाहीत. प्रांताचं मत एकच, आणि ते कुठे टाकायचं हे प्रांताची विधानसभा ठरवून देते. हे सभागृह अधूनमधून एखाद्या प्रांतात मुक्काम हलवतं आणि लोकांचं ऐकतं. जर्मनीत तर राज्य सरकारचे मंत्रीच वरच्या सभागृहात बसतात आणि एका राज्याची मतं फोडता येत नाहीत. मी हे सगळं इथे आणा म्हणत नाही. आपल्याकडे आणलं तर दिल्लीच्या हुकमाऐवजी मुंबईचा हुकूम, एवढाच फरक पडेल. पण प्रतिनिधी आणि त्याला पाठवणारी विधानसभा यांच्यात काहीतरी दोरी असावी, हे त्यांना सुचलं. आपण तुम्हाला पतंगासारखं सोडून दिलंय, आणि मांजा पक्षाच्या हातात.

म्हणून मागणं एकच आहे, आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. वर्षातून एकदा तुम्ही एकोणीस जण मुंबईच्या विधान भवनात या. सभागृहात नको, तिथे नियम आडवे येतील. मध्यवर्ती सभागृहात बसा. समोर आमदार असू द्यात, ज्यांनी तुम्हाला मत दिलं ते आणि ज्यांनी दिलं नाही तेही. वर्षभरात महाराष्ट्राचे कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरं मिळाली, काय अडलं, ते प्रत्येकाने दहा मिनिटांत सांगायचं. मग आमदारांनी विचारायचं आणि तुम्ही ऐकायचं. दाराला पत्रकार, गॅलरीत शाळेची मुलं. एकोणीस दाहे एकशे नव्वद मिनिटं, म्हणजे आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनापेक्षा कमी वेळ. पहिल्या वर्षी सहा जण आले तरी चालतील. जे आले नाहीत त्यांच्या खुर्च्या मात्र मांडलेल्या असू द्यात.

आणि तिथेही, दिल्लीतही, मराठीत बोला. २०१८ पासून राज्यसभेत आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत बोलायची सोय आहे. आधी कळवलं की दुभाषी बसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे फोटो पाहिले. सगळ्या देशाला कळावं म्हणून हिंदीत बोलतो, असं तुम्ही सांगाल. देशाचं दुभाषी बघून घेईल. चाळीत कांदा सडतोय म्हणजे काय होतंय, हे तुमच्या हिंदीत मला कधी ऐकू आलेलं नाही. ‘प्याज खराब हो रहा है’ म्हटलं की तो वास येत नाही.

शेवटी एक खासगी गोष्ट, जी खरं तर खासगी नाही. प्रत्येक खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. तुम्हाला ती राज्यात कुठेही सुचवता येतात, लोकसभेच्या खासदारासारखं मतदारसंघाचं बंधन नाही. आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला संरक्षक भिंत नाही. तिकडून रस्ता जातो, ऊस आणि कांद्याचे ट्रॅक्टर जातात, आणि मधल्या सुट्टीत पोरं चेंडूमागे धावतात. निवृत्तीच्या आधी मी एक प्रस्ताव तयार केला: नकाशा, अंदाजपत्रक, ग्रामपंचायतीचा ठराव. एका सरकारी कार्यालयात घेऊन गेलो आणि म्हटलं, राज्यसभेच्या खासदारांकडून होईल का? टेबलामागच्या माणसाने अगदी चांगुलपणाने विचारलं, “कोणते खासदार?” मी म्हटलं, कोणतेही, एकोणीस आहेत. तो हसला. म्हणाला, “गुरुजी, त्यांची चिठ्ठी आणा. आम्हाला तेच कुठे भेटतात?” मग मी चार जणांना टपालाने प्रस्ताव पाठवला. एकाकडून पोच आली. नाव सांगत नाही. पोच पाठवली हाच त्यांचा मोठेपणा मी मानतो.

तुम्हाला कधी इकडे यावंसं वाटलं तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. उन्हाळ कांदा तेव्हा शेतात काढून पडलेला असतो आणि चाळी भरायचं काम चालू असतं. सकाळी लवकर या, दहानंतर ऊन सोसवत नाही. लासलगावला रेल्वेने उतरता येतं. तिथून मी मोटारसायकलवर घेऊन येईन, गाड्यांचा ताफा आणू नका, बांधाचा रस्ता अरुंद आहे. लिलावाचा पुकारा एकदा कानाने ऐका. नंतर माझ्या घरी जेवायला थांबा. ठेचा-भाकरी असेल आणि कांदा बुक्कीने फोडलेला.

आपला,
निफाड तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक

ता. क. : भिंतीच्या प्रस्तावाच्या झेरॉक्स प्रती माझ्याकडे अजून आहेत, अंदाजपत्रक मात्र जुन्या दराचं आहे. सध्या त्या बाजूला आम्ही बाभळीच्या फांद्या टाकल्या आहेत. पावसाळ्यात त्या कुजतात, म्हणून दर जूनमध्ये नव्या टाकाव्या लागतात.